तीन सेकंदांच्या आत

तीन सेकंदांचा नियम माझा. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे मी सरांबद्दल जे बोलणार आहे ते वाचून वाटेल, की ही बाई स्वतः नामानिराळी राहून दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडतेय. खापर फोडायला मला दोन डोकी सापडली आहेत आणि त्यातलं एक माझंच आहे.

मी माणसांचं वागणं मोजते. ऐकणाऱ्याला हे फार भारी वाटतं. प्रत्यक्षात गेली चार वर्षं मी एका बिनखिडकीच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसते आणि कीबोर्डवरची सहा बटणं दाबते. माझा पीएचडीचा विषय आहे, वेगळ्या झालेल्या आईबापांचं मुलांशी वागणं. नवरा-बायको वेगळे झाले की मूल ज्याच्याकडे राहत नाही, त्याला आठवड्यातून एकदा दोन तास भेट मिळते. ती भेट कुटुंब कार्यालयाच्या एका खोलीत होते. त्या खोलीत आमचे कॅमेरे आहेत. बेचाळीस पालक, प्रत्येकाची वीस मिनिटं. मूल काहीतरी विचारतं, पालक काहीतरी करतो, मी बटण दाबते.

कोणतं बटण केव्हा दाबायचं हे संकेतवहीत लिहिलेलं असतं. संकेतवही म्हणजे आमचा कायदा आणि तो लिहिणारीही मीच. 'प्रतिसाद : मुलाने प्रश्न विचारल्यापासून तीन सेकंदांच्या आत पालकाने बोलणे, किंवा मुलाकडे पाहून मान हलवणे. यातले काहीच न घडल्यास : प्रतिसाद नाही.' तीनच का? तर सुरुवातीला दहा पालक बघितले, बहुतेक जण सव्वा सेकंदात उत्तर देत होते, म्हटलं तीन म्हणजे डोक्यावरून पाणी. एका दुपारी चहा पिता पिता मी हा आकडा काढला. सरांनी, म्हणजे माझ्या गाईडनी, मान डोलावली. त्या दिवसापासून तो आकडा नसून विज्ञान झाला.

माझी दुसरी हुशारी याच्याही वरची. एकाच माणसाला वीस मिनिटं बघत बसलं की आपलं त्याच्याबद्दल मत बनतं. हा गोड, हा खडूस, असं. मग बटणंही तशीच दाबली जातात. यावर मी तोड काढली. सगळ्या चित्रणाचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे करायचे आणि पत्ते पिसावेत तसे पिसून टाकायचे. पाच हजार चाळीस तुकडे. आत्ता कोण दिसेल आणि पुढे कोण येईल, काही पत्ता नाही. मत बनायला जागाच नाही. या युक्तीबद्दल एका परिषदेत मला बक्षीस मिळालं होतं, काचेचा एक चौकोन. माझ्या टेबलावर तो कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला असतो.

तेच तुकडे दुसऱ्या एका माणसानंही बघायचे असतात, स्वतंत्रपणे. आमच्याकडे हे काम करणारा मुलगा माझ्या दोन वर्षं मागचा. त्याला सगळी लॅब 'काटा' म्हणते, कारण तो तराजूच्या काट्यासारखा इकडे-तिकडे हलत नाही. त्याची बटणं आणि माझी बटणं शंभरात एक्याण्णव वेळा जुळली. सर इतके खूश झाले की त्यांनी स्वतः उठून चहा सांगितला.

सोमवारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि एक चिठ्ठी पुढे सरकवली. तिच्यावर चार क्रमांक होते.

"या चार पालकांची गुणपत्रकं छापून दे. गुरुवारी कार्यालयात आढावा आहे. आणि तूही चल बरोबर, फाइली घेऊन."

"कसला आढावा, सर?"

"भेटी वाढवायच्या की कमी करायच्या, त्याचा. आपला आकडा असला की त्यांना निर्णय घ्यायला बरं पडतं."

मी तिथल्या तिथे भडकले. प्रत्येक पालकाकडून मी स्वतः सही घेतली होती. 'हे चित्रण केवळ संशोधनासाठी वापरले जाईल' हे वाक्य बेचाळीस वेळा बोट ठेवून वाचून दाखवलं होतं. तसं मी सरांना म्हणाले.

"चित्रण कुठे देतोय गं? सारांश देतोय," सर म्हणाले. "तीन वर्षं त्यांनी आपल्याला खोली वापरू दिली. आपण काहीच द्यायचं नाही? आणि आकडे खरे आहेत ना तुझे?"

आकडे खरे आहेत ना तुझे. या वाक्यानं माझं तोंड बंद झालं. कारण मला वाटत होतं, की आहेत. मी धुसफुसत बाहेर आले आणि गुणपत्रकं छापली. हो, छापली. सरांना शिव्या घालत छापली, पण छापलीच.

चारातला सत्तावीस नंबर सगळ्यात वाईट होता. चारांतच नव्हे, बेचाळिसांत. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासणारा माणूस, मुलगी सहा वर्षांची. प्रतिसाद नाही : सव्वीस वेळा. नजर टाळली : एकोणीस वेळा. असंबद्ध बोलणं : चौदा वेळा. काट्यानं माझ्या खांद्यावरून कागद वाचला आणि म्हणाला, "हा बाबा तिथे येतो तरी कशाला? झोप काढायला?"

मी हसले. ते हसणं मी अजून विसरलेले नाही.

मंगळवारी सकाळी मी घरातून निघताना किल्ली विसरले. हे महिन्यातून चारदा होतं. दादा आणि मी एकत्र राहतो. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांना लाल पेन लावायचं आणि संध्याकाळी माझ्या. दादा तिसऱ्या वर्षापासून अडखळतो. कधी पहिलं अक्षर चारदा येतं, तर कधी काहीच येत नाही, ओठ जागेवर असतात आणि आवाज आतच राहतो. आमच्या घरात याला 'गाडी अडली' म्हणायचे. मला घरी 'ठिणगी' म्हणतात, आणि हे नाव ठेवताना बाबांनी दादाचा अजिबात विचार केला नाही, कारण 'ठ' त्याला जन्मात सरळ गेला नाही. तो मला 'ए' म्हणतो.

गाडी अडली की ढकलायचं काम माझं. दुकानात, बसमध्ये, फोनवर. दादानं तोंड उघडलं की मी पुढचं बोलून मोकळी. लहानपणी सगळे म्हणायचे, बहीण असावी तर अशी. मलाही तसंच वाटायचं.

तर दादा किल्ली घेऊन लॅबमध्ये आला, तेव्हा मी सत्तावीस नंबरचे तुकडे पुन्हा चाळत होते. एवढा वाईट आकडा पुढे पाठवायचा तर एकदा खात्री केलेली बरी, असा त्यात प्रामाणिकपणा होता. पडद्यावर भेट-खोलीतलं ठेंगणं टेबल, चित्रांचं पुस्तक, दोन वेण्या घातलेली मुलगी. तिनं विचारलं, "बाबा, मांजरीला पापण्यांचे केस असतात?" बाप तिच्याकडे बघत होता. मग त्याची नजर वर गेली, छताच्या कोपऱ्याकडे. चेहरा दगड. एक, दोन, तीन. मी मनातल्या मनात बटणं दाबली. प्रतिसाद नाही. नजर टाळली. सातव्या सेकंदापर्यंत तसंच, आणि तुकडा संपला.

"बघ," मी दादाला म्हणाले. "पोटच्या पोरीनं विचारलं तरी हा छत बघतोय."

दादा पडद्याजवळ आला. "प… परत लाव."

लावला. दादानं पडद्यावरच्या त्या माणसाच्या गळ्यावर बोट ठेवलं. गळ्याची शीर ताठ झाली होती. हनुवटीखाली काहीतरी बारीक थरथरत होतं. चार वर्षांत मला ते दिसलं नव्हतं, कारण संकेतवहीत गळ्याला बटण नाही.

"गप्प नाहीये तो," दादा म्हणाला. मग बराच वेळ गेला. "अ… अ… अडकलाय."

मी चित्र तिथेच थांबवलं.

"छ… छताकडे का बघतोय माहितीये? समोरच्याच्या तोंडावरची घ… घाई दिसू नये म्हणून." त्यानं किल्ली त्या काचेच्या चौकोनावर ठेवली. "मीही बघतो. घरी. त… तुझ्याशी बोलताना."

एवढं बोलून तो कामावर गेला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती कशी जाते, हे मला त्या खुर्चीत बसून कळलं, आणि गेली कुठे तर माझ्याच मस्तकात. जगातली शेवटची बाई असायला हवी होते मी, जिला हे कळलं नसतं. तीस वर्षं एका अडखळणाऱ्या माणसाबरोबर एका टेबलावर जेवले आहे.

मी न कापलेलं चित्रण शोधून काढलं. सत्तावीस नंबर, सलग वीस मिनिटं. आमच्या लॅबमध्ये ते तोवर कुणीही बघितलेलं नव्हतं. बघायचंच नाही, हीच तर माझी बक्षीसपात्र युक्ती.

मांजरीच्या पापण्यांचा प्रश्न आला. बाप छताकडे बघायला लागला. आणि मुलीनं काय केलं, तर मांजरीच्या चित्रावर बोट ठेवलं आणि ते तिथेच ठेवून दुसऱ्या हातानं शेजारच्या पानावरचा ढग रंगवायला घेतला. प्रश्न हरवू नये म्हणून बोट. घाई नाही, वर बघणं नाही, 'सांगा ना' नाही. नऊ सेकंद. मग बाप म्हणाला, "नसतात. मिशा असतात तेवढ्या पुरतात तिला." मुलगी खुदकन हसली, बोट उचललं आणि पुढच्या चित्रावर ठेवलं.

ते उत्तर पुढच्या तुकड्यात गेलं होतं. त्या तुकड्यात एक माणूस, कुणी काही विचारलेलं नसताना, अचानक मिशांबद्दल बोलतो. मी आणि काट्यानं, दोघांनीही, स्वतंत्रपणे, बटण दाबलं होतं : असंबद्ध बोलणं. शंभरात एक्याण्णव वेळा एकमत. दोघं हातात हात घालून एकाच खड्ड्यात.

वीस मिनिटांत तिनं एकतीस प्रश्न विचारले. मी कागदावर रेघा ओढत मोजले. त्यानं एकतीस उत्तरं दिली. पाच लगेच, बाकीची उशिरा. काही अकरा सेकंदांनी, एक तर सोळा. पण एकही चुकवलं नाही. माझ्या बेचाळीस पालकांमध्ये मुलाच्या झाडून सगळ्या प्रश्नांना उत्तर देणारा तो एकटा होता की काय, हे मला अजूनही माहीत नाही, कारण मी ते कधी मोजलंच नाही.

दुपारी मी सरांच्या केबिनमध्ये शिरले ती दार न वाजवताच. सगळं दाखवलं. सरांनी शांतपणे बघितलं, चष्मा काढला, पुसला.

"इंटरेस्टिंग आहे," ते म्हणाले. "चर्चेच्या प्रकरणात एक परिच्छेद टाक. अभ्यासाच्या मर्यादा."

"सर, परवा त्याचा आढावा आहे. हा कागद पुढे गेला तर त्याची भेट महिन्यातून एकदा होईल. एकदा!"

"एका केसनं सरासरीला धक्का लागत नाही."

"सरासरीला मुलगी नाहीये, सर!"

माझा आवाज बाहेर गेला असावा, कारण बाहेरचा टाइपिंगचा आवाज थांबला. सरांनी चष्मा घातला.

"तू म्हणतेस तसं करायचं तर काय करावं लागेल, कळतंय का? नियम चुकला म्हणजे सगळ्यांसाठी चुकला. पाच हजार तुकडे परत जोडायचे, परत बघायचे. वर्ष जाईल. प्रबंध पुढच्या महिन्यात सादर व्हायचाय तुझा. आणि कार्यालयाला मी काय तोंड दाखवू? गेल्या वर्षी दिलेल्या गुणपत्रकांचं काय?"

गेल्या वर्षी. मला आधी ते शब्द समजलेच नाहीत. "गेल्या वर्षीही दिलीत?"

"सहा," सर म्हणाले. जणू मी चहात साखर किती असं विचारलं होतं.

"मी त्यांना पत्र देणार आहे," मी म्हणाले. "नियम चुकीचा आहे आणि तो मी केलेला आहे, असं."

"दे. मग प्रबंधावर माझी सही मागायला येऊ नकोस."

सर वाईट माणूस आहेत असं लिहिलं तर माझं काम सोपं होईल. पण माझे वडील आजारी होते तेव्हा याच माणसानं मला दोन महिने सुट्टी दिली होती, एक प्रश्न न विचारता. म्हणून तर जास्त चीड येते. ज्याला माझे बाबा दिसले त्याला हा बाप दिसू नये?

बुधवारी सकाळी मी पत्र घेऊन कार्यालयात गेले. आवक विभागातल्या कारकुनानं ते न वाचता शिक्का मारला, माझ्या प्रतीवर सही केली आणि पत्र एका गठ्ठ्यावर ठेवलं. "उद्याच्या आढाव्यासाठी आहे, आजच फाइलीत लागायला हवं," मी म्हणाले. "लागेल हो, मॅडम," तो म्हणाला. काही गोष्टी 'लागेल हो' म्हणतानाच बुडालेल्या असतात.

गुरुवारी अकरा वाजता आम्ही लांबट टेबलाभोवती बसलो. एका टोकाला अधिकारीबाई, त्यांच्या उजव्या हाताला सर, 'तज्ज्ञ' अशी पाटी पुढ्यात ठेवून. कालचाच कारकून टिपणं घ्यायला. समोर मुलीची आई, रुग्णालयातला गणवेश घालून, ड्यूटीवरून थेट आलेली. तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून तो, सत्तावीस नंबर. इथे तो पडद्यावरच्यापेक्षा लहान दिसत होता. बोटांच्या पेरांवर घासून घासून पांढरे झालेले डाग. मी भिंतीजवळ, फाइली मांडीवर घेऊन. मी कोण हे त्याला आठवत होतं. त्यानं मला बघून मान हलवली. सही केली त्या दिवशीही त्यानं नुसती अशीच मान हलवली होती, आणि 'केवळ संशोधनासाठी' हे मीच त्याला वाचून दाखवलं होतं.

अधिकारीबाईंनी गुणपत्रक वाचायला घेतलं. माझं पत्र फाइलीत नव्हतं. मी कारकुनाकडे बघितलं, त्यानं पेनाचं टोपण शोधायला सुरुवात केली.

"मुलीच्या प्रश्नांना सव्वीस वेळा प्रतिसाद नाही," बाई म्हणाल्या. "एकोणीस वेळा नजर टाळली. हे काही बरं नाही. तज्ज्ञांचा अहवाल आहे, माझं मत नाही हे. भेट महिन्यातून एकदा करावी अशी आमची शिफारस राहील. तुम्हाला यावर काही म्हणायचंय?"

हा प्रश्न त्याला होता. त्यानं तोंड उघडलं. ओठ जागेवर आले. नजर वर गेली, छताच्या कोपऱ्याकडे. एक, दोन, तीन.

"नाही? बरं." बाईंनी पान उलटलं.

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मी नेमकं सांगू शकते, कारण माणसांच्या नजरा वाचायचं मला शिक्षण मिळालंय. 'बघ. आकडा खरा आहे ना तुझा?'

मी उठले. मांडीवरच्या फाइली खाली सांडल्या. लॅबचं स्टॉपवॉच माझ्या पर्समध्ये कायम असतं, ते काढून मी टेबलाच्या मध्यावर आपटलंच म्हणा.

"पान परत उलटा," मी म्हणाले. "त्यांना म्हणायचंय. तुम्ही थांबला नाहीत."

"मॅडम, तुम्ही बसून घ्या," अधिकारीबाई म्हणाल्या.

"त्या माझ्या विद्यार्थिनी आहेत, जरा ताणात आहेत," सर म्हणाले.

"ताणात नाही, रागात आहे. तो कागद माझा आहे. त्यातला तीन सेकंदांचा नियम मी केला आणि तो साफ चुकीचा आहे. तसं पत्र मी काल यांच्याकडे दिलंय, शिक्क्यासकट." कारकुनाला एव्हाना टोपण सापडलं होतं आणि तो ते लावत होता, काढत होता. "ते अडखळतात. आवाज न होता अडखळतात. उत्तर येतं, फक्त तीन सेकंदांत येत नाही."

अधिकारीबाईंनी मुलीच्या आईकडे बघितलं. "हे खरं आहे?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी," आई म्हणाली. तिचा आवाज माझ्यापेक्षाही तापलेला होता. "माझं त्यांच्याशी पटलं नाही, ते वेगळं. पण हे सांगितलं होतं. तुमचा माणूस म्हणाला, फॉर्मात त्याला रकाना नाही."

मी स्टॉपवॉच शून्यावर आणलं. "परत विचारा," मी बाईंना म्हणाले. "आणि मग कुणीही काहीही बोलायचं नाही. मोजा हवं तर."

का कोण जाणे, बाईंनी विचारलं. "तुम्हाला काही म्हणायचंय?"

तो छताकडे बघायला लागला. चार सेकंद. सहा. शांतता अशी वाढत जाते ना, तेव्हा माणसं कशी वळवळतात ते बघण्यासारखं असतं. सरांनी घसा खाकरला. बाई पेनाची खटखट करायला लागल्या. आठव्या सेकंदाला कारकून अगदी मायेनं म्हणाला, "पाणी देऊ का?"

बापाचे मिटत आलेले ओठ पुन्हा उघडले. सगळं पहिल्यापासून.

"नको!" मी ओरडले. "मध्ये बोललं की परत पहिल्यापासून लागतं!"

पुन्हा चार. सात. दहा. मुलीच्या आईनं टेबलावर एक बोट टेकवलं होतं आणि ती ते हलवत नव्हती. मुलीनं ही सवय कुठून घेतली ते मला कळलं. चौदाव्या सेकंदाला तो बोलला, आणि एकदा सुटल्यावर सरळ बोलत गेला.

"शनिवारी ती मला प्रश्न विचारते. मी एखाद्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, असं कधी झालेलं नाही. तिला विचारा."

अधिकारीबाईंनी त्याचं आणि बाकी तिघांचीही गुणपत्रकं फाइलींतून काढली, उलटी करून बाजूला ठेवली आणि कारकुनाला म्हणाल्या, "मॅडमचं पत्र आणा." तो पळत गेला. शनिवारची भेट तशीच राहिली, दर आठवड्याला. पुढचा आढावा चार महिन्यांनी, आमच्या कागदाशिवाय. मी गेल्या वर्षीच्या सहा गुणपत्रकांबद्दल विचारलं तेव्हा बाईंनी त्यांचे क्रमांक लिहून घेतले. त्यांचं काय होणार ते ठाऊक नाही. दर सोमवारी मी फोन करते. तिकडून मला 'बघतोय' असं सांगतात.

जिन्यात सर मला गाठून म्हणाले, "झालं समाधान?" मी म्हणाले, "नाही." ते पुढे निघून गेले. माझं एक वर्ष त्यांच्या पाठोपाठ गेलं, बहुधा सहीदेखील. चष्मेवाला खाली दारात उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग वर बघितलं, मी थांबले. सहा सेकंदांनी तो म्हणाला, "त्या कागदावर मीच सही केली होती. वाचून." एवढंच. आभार नाहीत की शिवी नाही. मला शिवी चालली असती.

संध्याकाळी घरी आले ती रागाचा फणा तसाच घेऊन. दादा टेबलावर मुद्रितं पसरून बसला होता. चपला काढायच्या आधीच मी सुरू झाले. सर काय म्हणाले, मी कशी उठले, स्टॉपवॉच कसं आपटलं, कारकुनाचं पाणी, चौदा सेकंद, सगळं. खोलीत येरझाऱ्या घालत, हातवारे करत. दादा लाल पेन खाली ठेवून ऐकत होता. माझं संपलं तेव्हा त्यानं तोंड उघडलं.

"म… म…"

"मग आता प्रबंधाचं काय, असंच ना?" मी म्हणाले. "बघू. दुसरा गाईड शोधीन. नाही मिळाला तर—"

दादाची नजर वर गेली, ट्यूबलाइटच्या शेजारच्या कोपऱ्याकडे. मी तोंड मिटलं, पण उशीर झाला होता. माझं स्टॉपवॉच पर्समधून निघून टेबलावर पडलं होतं. त्यानं ते उचललं, उलटसुलट करून बघितलं. मी उभी राहिले. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. किती वेळ गेला ते मी मोजलं नाही.

"म… मला दोनच दिलेस," दादा म्हणाला. "त… तुझ्या नियमात निदान तीन होते."